दोन खाटांची खोली

मालवण, ६ जानेवारी १९६४

आज तीन राजांचा सण. चर्चमधल्या मिस्साहून परतले तर दाराच्या फटीत फेलीचे पत्र.

फेलिसिदाद माझी धाकटी बहीण. लग्न होऊन म्हापशाला गेली त्याला पस्तीस वर्षे झाली. नवरा गेला, मूलबाळ नाही. मांडीचे हाड मोडल्यावर गेल्या वर्षी ती मादरींच्या, म्हणजे जोगिणींच्या, म्हाताऱ्या माणसांच्या घरात राहायला गेली. तिकडे त्याला आझिल म्हणतात. फुकट नव्हे, महिन्याला पैसे भरून. आता तिथे दोन खाटांची एक खोली रिकामी होते आहे. मी येत असेन तर मादर ती आम्हा बहिणींना देईल, असे तिने लिहिले आहे. पुढे सवयीप्रमाणे प्रश्न. आंबा मोहरला का, मागच्या दाराची कडी अजून खालूनच लावावी लागते का, मांयच्या, आमच्या आईच्या, थडग्यावरच्या क्रूसाला रंग कोण देते. पत्राची जागा वाया जाऊ नये म्हणून ती काहीही विचारते.

गेल्या पावसाळ्यात मी तापाने पडले होते, तेव्हा शेजारच्या कृष्णाबाईने मासळी द्यायला दार ढकलले म्हणून कोणाला कळले. तेव्हापासून रात्री दाराला कडी घालताना मन कचरते. पेन्शनीत निघाल्याला सात वर्षे झाली. एकटीचा स्वयंपाक करायचासुद्धा कंटाळा येतो.

फेलीजवळ राहायला मिळाले तर. लहानपणी एकाच गोधडीत निजायचो. ती झोपेत माझी वेणी धरून ठेवायची.

१९ जानेवारी

पाटी काढून हिशोब केला. चाळीस वर्षे मुलांकडून बेरजा करून घेतल्या, स्वतःची करताना हात अडखळला.

पेन्शन अडतीस रुपये. घर भाड्याने दिले तर पंधरा-अठरा येतील. आझिलात माणशी चौतीस. त्यात जेवण, चहा, दिवा, डॉक्टर. उरलेल्यात साबण, कॉफी, डोक्याचे तेल, धोबी, पोस्ट, चर्चची वर्गणी, वर्षाकाठी एक जोडी चपला. जमते.

मग वाटले, इथे माझा खर्च नेमका किती? तीसच्या आतच होता, आणि याचेच आश्चर्य वाटले. नारळ दारचे, कोकम दारचे, चुलीला झावळ्या, पाणी विहिरीचे. कृष्णाबाई बांगडे देते त्यात दोन नेहमी मोजण्याबाहेरचे. या कशाचीच किंमत मी कधी धरली नव्हती. तिकडे नारळाच्या तेलाची बाटली विकत घ्यावी लागेल. ती हिशोबात धरली.

३ फेब्रुवारी

कृष्णाबाईला सांगितले. ती टोपली उतरवून पायरीवर बसली होती. पदराने मान पुसत म्हणाली, "थय बांगडो गावता?"

"म्हापशाला बाजार मोठा आहे."

"मोठो बाजार आसात. पण बाईनू, तुमका ताजो कोण सांगतलो? तुमका डोळो बगून कळना नाय." हे खरे आहे. मासळीचा डोळा बघून ताजी-शिळी ओळखायला मला कधीच जमले नाही.

मग तिने टोपलीवरचे फडके सारखे केले. उठताना म्हणाली, "आझिलात जातत ती माणसा परत येनत नाय." मी म्हटले, अगं, ते हॉस्पिटल नाही, राहायची जागा आहे. ती टोपली डोक्यावर घेऊन गेली. आज पैसे न्यायला विसरली.

२० फेब्रुवारी

दोन दिवस फेलीकडे राहून आले. कुडाळ, सावंतवाडी, बांदा, मग म्हापसा. बांद्यापुढच्या नाक्यावर आता कोणी काही विचारत नाही. बस न थांबता जाते. पंचावन्न साली हीच वाट बंद झाली होती. सत्तावन्नच्या जुलैत मांय गेली तेव्हा मी तार केली, ती फेलीला पोचायलाच कितीतरी दिवस लागले. गोवा मोकळा झाल्यावर मी दोनदा जाऊन तिला भेटले. तिचे मात्र इकडे येणे झाले नाही. आधी नवऱ्याच्या दुकानाचे व्यवहार, मग मांडी.

आझिल टेकडीवर आहे. स्वच्छ, लांब व्हरांडा, समोर काजूची झाडे. समुद्र दिसत नाही. सकाळी उठल्यावर काहीतरी कमी आहे असे वाटत राहिले. नंतर कळले, लाटांचा आवाज नाही.

मादर हिशोबाला चोख. दीडशे अनामत, कपडे आपले, पांघरूण आपले. शेवटी विचारले, "तुमच्या मागे विधी कुठे करायचा? इथे आमच्या सिमितेरीत पुरायला जागा आहे. मालवणला न्यायचे असेल तर मोटारीचे पैसे वेगळे ठेवावे लागतात." मी मालवण सांगितले. मांयच्या शेजारी, वडिलांच्या अंगाला, माझी जागा आहे. मोटारीला साठ रुपये पोस्टातल्या शिलकीतून वेगळे काढायचे. खर्चाच्या यादीत मी हे धरलेच नव्हते.

फेली तोवर ऐकत बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाय, मांयच्या बाजूक किती जागा आसा?"

"एका माणसापुरती."

"आनी तिच्या उशाकडे काय आसा आता? सुरंगी होती मगे?"

"आहे की. वाढली आहे."

"फुला खाली पडतत, मांयवर?" असले काहीतरी विचारत राहते. मला बसची वेळ गाठायची होती. बिस्किटांचा पुडा तिच्या हातात देऊन निघाले. जिन्यापर्यंत काठी टेकत आली.

८ मार्च

घराला भाडेकरू मिळाला. काशीराम नावाचे ओव्हरसियर, रस्त्यांच्या कामावर आलेले, कोल्हापूरकडचे. बायको सत्यवती नीटनेटकी आहे. घर बघताना चप्पल काढून आत आली हे मला आवडले. अठरा रुपये ठरले. म्हणाली, "बाई, तुमची भांडी आम्ही वापरणार नाही, एका खोलीत ठेवा हवी तर." मी म्हटले, वापरा. बंद ठेवलेली भांडी काळी पडतात.

येणारे छप्पन, आझिलाचे चौतीस, उरले बावीस. बेरीज तीनदा तपासली. मन हलके व्हायला हवे होते.

९ मे

उद्या निघायचे. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी. अंगणात उभी राहिले तेव्हा ठरवले होते की काही बघत बसायचे नाही. पण विहिरीवर गेलेच. रहाटाची दोरी नवी घातली आहे. ती ओव्हरसियरांच्या कामाला येईल.

सिमितेरीत जाऊन आले. मांयच्या थडग्यावरचे गवत काढले, मेणबत्ती लावली. दर रविवारचीच गोष्ट.

कृष्णाबाई आज आली नाही. तिची टोपली वरच्या वाटेने गेली, आवाज ऐकला.

आझिल, १० मे

पोचले. दोन खाटा, एक खिडकी. फेलीने खिडकीजवळची खाट माझ्यासाठी ठेवली आहे.

दुपारी ट्रंक उघडून कपडे फळीवर लावत होते. फेली म्हणाली, "इतकी कापडा कशाक हाडलंस?"

"राहायला आले ना."

"घर?"

"भाड्याने दिले. सांगितले होते पत्रात."

"माका वाटला थोड्या दिसांसाठी दिलंस. तू माका..." एवढे बोलून ती थांबली. मग रडू लागली. खाटेच्या दांड्याला धरून, लहान मुलीसारखी. मी जवळ घेतले. तिला इतका आनंद होईल असे मला वाटले नव्हते. माझेही डोळे भरून आले. पस्तीस वर्षांनी आम्ही पुन्हा एका खोलीत राहणार.

१८ जुलै

इथला दिवस घंटेवर चालतो. सहाला प्रार्थना, सातला चहा आणि उंडो पाव, साडेअकराला जेवण. शेजारच्या खोलीत आग्नेल म्हणून म्हातारे आहेत, एके काळचे आगबोटीवरचे भटारी. जेवणावर नाक मुरडतात आणि दोनदा घेतात.

पहिल्या दोन महिन्यांत दरमहा बावीसऐवजी सव्वीस गेले. कॉफीचा भाव चढला आहे, तांदळाचा तर बोलूच नये. छत्री दुरुस्त केली, फेलीला औषधी तेल आणले. पुढच्या महिन्यात कॉफी सोडून चहाच घ्यायचा.

काल मांयचा दिवस होता. मिस्साला नाव दिले, एक रुपया. फेली दिवसभर व्हरांड्यात बसून पाऊस बघत होती. जेवली नाही. संध्याकाळी म्हणाली, "त्या दिसा सुद्धा पावस होतो?"

"होता."

"सगळा सांग माका. कोण कोण इल्ले, मांयक खंयचा कापड नेसयला, पेटी कोणी उचलल्यानी."

सात वर्षांपूर्वीचे पावसातले ते सगळे पुन्हा काढायचे मला नको वाटले. थोडके सांगितले. निळे कापड, पावसामुळे माणसे कमी, शेजारच्या वाडीतल्या मुलांनी खांदा दिला. ती म्हणाली, "मागीर?" मी म्हटले, पुढे काय, घरी आलो. सुईत दोरा घालून द्यायला तिला सांगितले, म्हणजे मन रमेल.

ती बरी दिसत नाही. डॉक्टर म्हणतात मांडी भरून आली आहे. तरी ती दिवसेंदिवस वाळत चालली आहे. इथली हवा तिला मानवत नसेल का? पण इथे राहण्याचा आग्रह तर तिचाच होता.

११ ऑक्टोबर

आज जे झाले ते नीट लिहिते.

मेलेल्यांचा दिवस जवळ आला. दोन नोव्हेंबरला थडगी साफ करून फुले-मेणबत्त्या लावायच्या असतात. मी मालवणच्या पाद्रींच्या नावे तीन रुपयांची मनीऑर्डर लिहीत होते, गवत काढायला आणि मेणबत्त्यांना. जाऊन यायचे तर बसचेच बरेच होतात, शिवाय पोचून राहायचे कुठे. फेलीने विचारले, काय लिहितेस. सांगितले.

"मनीऑर्डर?" ती म्हणाली. "मांयक मनीऑर्डर?"

मी म्हटले, खर्चाचा विचार करायला हवा.

तिने काठी खाली टाकली. टाकली म्हणजे हातातून सुटली नाही, टाकलीच. "बाय, मी तिचा थडगा बगूक नाय अजून. तुका ठावक आसा? मी एकदाव बगूक नाय. तार गावली तेव्हा मी बांद्याच्या नाक्यापर्यंत गेलंय, पावसात. शिपायान परत धाडल्यान. थयच रस्त्यावर बसान मांयसाठी रोजार म्हटलंय आनी परत इलंय."

हे मला माहीत नव्हते. सात वर्षांत तिने हे कधी सांगितले नव्हते.

"नाका उघडला तेव्हा कशी आली नाहीस?"

"तू बोलवतलंस म्हणान वाट बगी होतंय. लोक म्हणतले, मांय मेली तेव्हा इला नाय, आता घराक वाटो मागूक इला. मागीर मांडी मोडली. तुका लिवलंय ये म्हणान. म्हटलंय, तू येतलंस, बगतलंस माका, आनी म्हणतलंस, चल फेली, घराक. तू ट्रंक घेवन इलंस."

"तू सांगायचे होतेस."

"तू ईचारुचा होता."

मी काठी उचलून तिच्या हातात दिली. तेवढेच करता आले. मनीऑर्डरचा कागद फाडला. मग दुपारभर मे महिन्यातले ते रडणे मनात घोळत राहिले. त्याला मी आनंद समजले होते.

मालवण, २ नोव्हेंबर

काल तिला घेऊन आले. बसमध्ये तिने खिडकी सोडली नाही. कसाल मागे पडल्यावर मात्र डोळे मिटून बसली आणि समुद्राचा वास येईपर्यंत उघडले नाहीत.

ओव्हरसियरांना आधी लिहिले होते. त्यांनी मागची खोली आमच्यासाठी रिकामी करून झाडून ठेवली होती. सत्यवतीने गरम पाणी काढले. "बाई, तुमचंच घर आहे," असे ती पुन्हापुन्हा म्हणत होती. आपल्या घरात असे कोणी आपल्याला म्हणत नाही.

आज सकाळी सिमितेरीत गेलो. माणसांची गर्दी, झेंडू, मेणबत्त्या. फेलीला बैलगाडीतून फाटकापर्यंत नेले, पुढे ती माझ्या खांद्याला धरून चालली. मांयच्या थडग्याजवळ पोचल्यावर तिने खांदा सोडला. चिऱ्याच्या कडेवर हळूच बसली आणि हाताने क्रूस चाचपला, आंधळ्या माणसासारखा. मग मला म्हणाली, "तू जा गो जरा. आमका बोलूचा आसा."

मी फाटकाशी उभी राहिले. दर रविवारी मी इथे येत होते. येते, गवत काढते, जाते. तेही मला ओझ्यासारखे वाटू लागले होते, आणि बांद्यापलीकडे कोणीतरी या गवताच्या काडीसाठी झुरत होते.

लांबून तिचे ओठ हलताना दिसत होते. मध्येच ती हसली. मांयला काय सांगितले असेल कोण जाणे.

मेणबत्ती अर्धी उतरल्यावर तिने हात वर केला. मी जाऊन तिला उठवले. पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "झाला. आता मी खंयव रवान, आझिलातसुद्धा."

३ नोव्हेंबर

कृष्णाबाई सकाळी मागच्या दाराने आली. माझ्याकडे न बघता बांगड्याची आमटी चुलीजवळ ठेवली. सहा महिन्यांचा राग एकदम कसा जाणार.

"पैसे?" मी विचारले.

"पाव्हण्यांकडसून पैसे घेनत नाय."

ती फेलीजवळ बसली, तिची मांडी दाबून बघितली, मांयच्या गोष्टी काढल्या. जाताना उंबऱ्यापाशी थांबली. "घराक कुलूप लायलाला बरा होता बाईनू. हय दिवो दिसता, माणसाची चाहूल लागता, आनी मी सवयीन टोपली उतरयतंय. मागीर याद येता."

ती गेल्यावर मी विहिरीवर गेले. सत्यवतीने कडेला अळू लावले आहे. चांगले आले आहे. माझ्या वेळी तिथे काही नव्हते.

उद्या परतायचे. फेली खुशीत आहे, कुळीथ आणि सोले बांधून घेते आहे. मी घराच्या चारी बाजूंनी एकदा फिरले. कोणी बघितले तर काय म्हणेल म्हणून हातात झाडू घेतला.

आझिल, १४ डिसेंबर

फेली आता दोन वेळा जेवते. गाढ झोपते. नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू आहे, तिने वरचा सूर धरला आहे. आग्नेल म्हणतात, तुमच्या बहिणीला मालवणात कोणी दारू पाजली काय.

मला झोप लागत नाही. इथे आवाज नाही म्हणून. पहाटे डोळा लागतो तोच घंटा होते.

९ जानेवारी १९६५

दोन बातम्या. मादरने महिन्याचे चौतीसचे अडतीस केले. तांदूळ मिळत नाही, तिचाही इलाज नाही. आणि ओव्हरसियरांचे पत्र: त्यांची बदली झाली, एप्रिलअखेर घर सोडतील. "नवा भाडेकरू पाहू, की आपण परत येता?" असे विचारले आहे.

हिशोब मांडला. इथे येणारे छप्पन, जाणारे सत्तावन्न. घरी गेले तर भाडे बुडेल, पण आझिलाचे अडतीस वाचतील. महागाई धरूनही एकतीसात भागेल, सात उरतील. सहा महिन्यांनी एकदा फेलीला भेटायला येण्याचे त्यातच बसते. गेल्या वर्षीची बेरीज इकडे ये म्हणत होती, यंदाची घरी जा म्हणते. तीनदा तपासली, तेच.

पत्र चार दिवस उशीखाली ठेवले. आज फेलीला दाखवले. वाचून म्हणाली, "मगे जा."

"तू येतेस?"

"माझ्यान ती विहीर, ती पायरी होवची नाय. हय डॉक्टर आसा. आनी मी मांयक भेटान इलंय, माझा झाला." थोड्या वेळाने म्हणाली, "तू माझ्यासाठी रव नको. मी तुका फसवन हाडलंय."

पत्राची घडी करून मी ते परत उशीखाली ठेवले.

१५ जानेवारी

ओव्हरसियरांना उत्तर टाकले. नवा भाडेकरू पाहा. पुढचा भाग द्या, मागची खोली मात्र माझ्या कुलपात राहील, मे महिन्यासाठी आणि नोव्हेंबरसाठी. त्याने भाडे तीन रुपयांनी कमी येईल. दर महिन्याला पोस्टातले चार काढावे लागतील. उरलेली शिल्लक किती वर्षे पुरेल त्याचा भागाकार केला. दहा आली. आम्हा दोघींना बहुधा पुरून उरेल.

कृष्णाबाईलाही एक कार्ड लिहिले, सत्यवतीने वाचून दाखवावे म्हणून. मेमध्ये येते, बांगड्याचे पैसे घ्यावे लागतील.

संध्याकाळी फेली व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. काजूच्या झाडांमागे सूर्य उतरत होता. खाली कुठेतरी पाणी असेल, दिसत नाही. ती तिकडेच बघत म्हणाली, "तुका घराची याद येता?"

"येता."

"खूप?"

"खूप," मी म्हटले. हे मी कोणाला पहिल्यांदाच सांगत होते, वहीलासुद्धा इतके सरळ सांगितले नव्हते.

"मगे रवतंस कशाक? हिशोब तर घराकडचो आसा."

"थय गेलंय तर तुझी याद येतली."

कितीतरी वर्षांनी मी तिच्याशी आमच्या बोलीत बोलले. शाळेत लागल्यापासून माझी ती सुटली होती. फेलीने माझ्याकडे वळून बघितले. काठी दुसऱ्या बाजूला ठेवली, बाकावर थोडी सरकली, आणि मी बसले.